एसी मिलानचा सर्वकालीन संघ, नोंद सहावी: रिव्हेराला जागा कुठे द्यायची?

इटलीतील एसी मिलान या फुटबॉल क्लबच्या आजवरच्या खेळाडूंतून एक सर्वकालीन संघ निवडण्याचा आमच्या आठ जणांच्या गटाचा उपक्रम सुरू आहे. मागील नोंद बचावफळीपाशी थांबली होती. त्यानंतरचे सात आठवडे आम्ही आठही जण केवळ मधल्या फळीवर वाद घालत होतो आणि या काळात माझे स्वतःचे मत पूर्णपणे बदलले, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा सविस्तर लिहीत आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात सांगतो. मिलानसाठी किमान शंभर सामने खेळलेला खेळाडूच विचारात घ्यायचा, चित्रीकरण उपलब्ध असेल तर त्याचे किमान दोन सामने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पाहायचे आणि त्यानंतरच मत द्यायचे. या नियमामुळे ब्राझीलचा रोनाल्डो पहिल्याच दिवशी बाद झाला, आणि कोणाचीही त्याला हरकत नव्हती. केवळ गोलांचे तुकडे पाहून मत बनवण्याची सवय मोडावी हा पूर्ण सामन्यांच्या अटीमागचा हेतू होता, कारण बचावपटूचे आणि मधल्या फळीतील खेळाडूचे मोठेपण त्या तुकड्यांत सापडत नाही.

आतापर्यंत ठरलेली नावे अशी आहेत. गोलरक्षक म्हणून दिदा बहुमताने निवडला गेला. सेबास्तियानो रोस्सीच्या बाजूने १९९३-९४ च्या हंगामातील सलग ९२९ मिनिटे गोल न स्वीकारण्याचा विक्रम होता, तरीही चॅम्पियन्स लीगच्या (पूर्वीच्या युरोपीय चषकाच्या) २००३ च्या मँचेस्टरमधील अंतिम सामन्यात युव्हेंटसच्या तीन पेनल्टी अडवणारा दिदा बहुतेकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. उजव्या बाजूला काफूऐवजी मौरो तासोत्ती आला. मध्यभागी फ्रांको बारेसी आणि आलेसांद्रो नेस्ता, तर डावीकडे पाओलो माल्दिनी आहे. बारेसी आणि माल्दिनी यांच्यावर मतदान घेण्याचा प्रश्नच नव्हता. १९८० आणि १९८२ अशी दोनदा मिलानची घसरण दुसऱ्या श्रेणीत झाली, तेव्हाही बारेसी क्लब सोडून गेला नाही. आणि उजव्या पायाचा असूनही डावी बाजू इतकी वर्षे सांभाळणाऱ्या माल्दिनीने क्लबसाठी ९०२ सामने खेळले. नेस्तासाठी कोस्ताकुर्ताला बाजूला ठेवताना मात्र आमच्यातील दोघांना खरोखर वाईट वाटले, आणि त्यांचे ते वाटणे मला समजते.

खरी अडचण त्यापुढे सुरू झाली. प्रशिक्षक अरिगो साकीने १९८७ पासून उभा केलेला संघ आम्हा बहुतेकांच्या मनात मिलानचा आदर्श म्हणून बसलेला आहे. दोन सरळ ओळींची ४-४-२ रचना (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन आघाडीला), बचावफळीपासून आघाडीपर्यंत जेमतेम पंचवीस-तीस मीटरचे अंतर आणि चेंडू गमावताच सर्वांनी मिळून पुढे सरकणे ही त्याची पद्धत होती. एप्रिल १९८९ मध्ये सान सिरो या घरच्या मैदानावर रेआल माद्रिदला ५-० असे हरवणारा सामना आम्ही एका रविवारी पुण्यात एकत्र बसून पुन्हा पाहिला, आणि तो पाहताना पहिल्या दहा मिनिटांतच सर्वांच्या लक्षात आले की या रचनेत जियान्नी रिव्हेराला जागा नाही. तो आघाडीच्या मागे मोकळा वावरणारा, पास देऊन खेळ उलगडणारा खेळाडू होता. चेंडूमागे धावणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

माझे मत तेव्हा ठाम होते. सर्वकालीन संघ म्हणजे अकरा मोठ्या नावांची यादी नव्हे, तर एकत्र खेळू शकेल असा संघ असायला हवा. म्हणून रिव्हेराला वगळावे, असे मी लेखी मांडले. नागपूरच्या आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते की ज्याने १९६० ते १९७९ या काळात ६५८ सामने खेळले, क्लबला युरोपीय चषक दोनदा मिळवून दिला आणि युरोपातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बॅलन डी'ओर १९६९ मध्ये जिंकला, त्याला वगळणारा संघ हा मिलानचा नसून केवळ साकीचा संघ आहे. मी त्यांना उत्तर दिले, त्यांनी मला दिले, आणि शेवटी त्यांनीच सुचवले की, ‘तुम्ही १९६९ चा अंतिम सामना पाहा, पण रिव्हेराकडे पाहू नका, जोव्हानी लोदेत्तीकडे पाहा.’

हा सल्ला मी मनापासून पाळला. माद्रिदमधील तो सामना मिलानने आयाक्सविरुद्ध ४-१ असा जिंकला आणि पिएरिनो प्रातीने त्यात तीन गोल केले. पूर्वी हा सामना पाहताना माझ्या लक्षात फक्त दोन क्षण राहिले होते: प्रातीच्या दुसऱ्या गोलआधी रिव्हेराने टाचेने दिलेला पास आणि अखेरच्या गोलसाठी गोलरक्षकाला चकवून त्याने अलगद उचलून दिलेला चेंडू. या वेळी मी वही घेऊन बसलो आणि रिव्हेराजवळ चेंडू नसताना लोदेत्ती कुठे आहे एवढेच टिपत गेलो. रिव्हेरा पुढे थांबला की लोदेत्ती त्याच्या मागची रिकामी जागा भरायला आधीच निघालेला असे. रिव्हेराने चेंडू गमावला की पहिला पाठलाग बहुधा लोदेत्तीचाच असे. प्रशिक्षक नेरेओ रोक्को यांनी रिव्हेराला धावायला लावण्याऐवजी त्याच्यासाठी धावणारा माणूस शेजारी उभा केला होता. म्हणजे एकत्र खेळू शकेल असा संघ ही माझी अट रिव्हेराच्या संघाने माझ्या जन्माआधीच पूर्ण केलेली होती. मी मात्र ती एकाच प्रशिक्षकाच्या रचनेवरून मोजत होतो.

दुसरा पुरावा कार्लो अँचेलोटी यांच्याकडून मिळाला. साकीच्या त्या संघात मधल्या फळीत खेळलेले आणि रेआलविरुद्ध पहिला गोल दुरून मारणारे अँचेलोटी पुढे पार्माचे प्रशिक्षक झाले, तेव्हा ४-४-२ मध्ये बसत नाही या कारणाने त्यांनी रॉबेर्तो बाजिओला नकार दिला आणि ती आपली चूक होती हे नंतर स्वतःच मान्य केले. मिलानमध्ये आल्यावर त्यांनी रचनेसाठी खेळाडू वगळण्याऐवजी खेळाडूंसाठी रचना बदलली. पिर्लोला बचावफळीपुढे आणले, त्याच्या एका बाजूला गत्तुसो आणि दुसऱ्या बाजूला सीडॉर्फ ठेवला, आणि पुढे रुई कोस्ता व नंतर काका यांना मोकळीक दिली. बाजिओच्या बाबतीत अँचेलोटींनी केलेली चूक मी रिव्हेराच्या बाबतीत जशीच्या तशी करत होतो.

१९७८-७९ च्या हंगामाची आठवण ठाण्याच्या सदस्याने करून दिली. मिलानने तेव्हा इटलीच्या लीगचे दहावे विजेतेपद मिळवले, ज्यामुळे जर्सीवर तारा लावण्याचा मान मिळाला. त्या संघाचा कर्णधार रिव्हेरा होता, मागे बारेसी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पहिल्याच पूर्ण हंगामात खेळत होता आणि प्रशिक्षक होते निल्स लीडहोल्म, ज्यांचा खेळाडू म्हणून आम्ही विचार करत आहोत. आमच्या यादीतील तीन नावे एकाच संघात खरोखर एकत्र होती, आणि आम्ही मात्र ती एकत्र बसतील की नाही यावर महिनाभर वाद घातला.

अखेर ४-४-२ ची सरळ ओळ सोडून मधल्या फळीची हिऱ्याच्या आकाराची रचना पाच विरुद्ध तीन मतांनी स्वीकारली. टोकाला रिव्हेरा, तळाला फ्रँक रायकार्ड आणि उजवीकडे रूड गुलिट असे ठरले. रायकार्डला मी १९९० च्या विश्वचषकात दूरदर्शनवर पहिल्यांदा पाहिले, तेही पश्चिम जर्मनीविरुद्ध त्याला बाहेर काढले गेले त्या सामन्यात. तो सामना ज्या सान सिरोवर झाला तेच त्याचे घरचे मैदान आहे, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हते. त्याच वर्षी व्हिएन्नात बेनफिकाविरुद्ध युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला होता. पिर्लोचे पास त्याच्याकडे नाहीत हे मान्य आहे, पण रिव्हेराच्या मागे लोदेत्तीचे काम करू शकेल आणि मागे बचावफळीतही उतरू शकेल असा दुसरा खेळाडू मला दिसत नाही. गुलिटबद्दल कोणी शंका घेतलीच नाही; चेल्सीला गेल्यावर जो बचावफळीत मागेही खेळला, त्याला उजवी बाजू जड जाणार नाही. काका बाहेर राहिला, आणि २००७ ची त्याची धाव आठवली की हा निर्णय आजही टोचतो.

आघाडीत मार्को व्हॅन बास्टन एकमताने आला. २०१ सामन्यांत १२५ गोल आणि तीन बॅलन डी'ओर हे आकडे पुरेसे बोलके आहेत; घोट्याच्या दुखापतीमुळे १९९३ चा मार्सेविरुद्धचा अंतिम सामना हा त्याचा शेवटचा सामना ठरला नसता तर आकडे कुठे गेले असते, याची कल्पना करवत नाही. त्याच्या जोडीला शेव्हचेन्को की गुन्नार नॉर्डाल यावर मात्र मतदान चार-चार असे अडकले. शेव्हचेन्कोला आम्ही सर्वांनी पाहिले आहे. नॉर्डालचे आमच्या हाती लागलेले चित्रीकरण तुटक आहे, त्यामुळे आमचा नियम त्याच्या बाबतीत लागूच होत नाही. तरीही २६८ सामन्यांत २२१ गोल करणारा आणि पाच वेळा इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू केवळ कॅमेऱ्याच्या आधी जन्मला म्हणून बाहेर राहावा, हे मला पटत नाही. माझे मत नॉर्डालला आहे.

मधल्या फळीतील डावी जागा अजून रिकामी आहे. लीडहोल्म, सीडॉर्फ आणि दोनादोनी ही तीन नावे मतदानासाठी पुढे आली आहेत. सीडॉर्फसाठी एप्रिल २००७ चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा ओल्ड ट्रॅफर्डवरील सामना आणि त्यानंतरचा सान सिरोवरील परतीचा सामना, तर दोनादोनीसाठी १९८९ आणि १९९४ चे अंतिम सामने पुढील दोन आठवड्यांत पाहायचे आहेत. लीडहोल्मचा १९५८ च्या युरोपीय चषकाचा अंतिम सामना पूर्ण लांबीचा कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. नॉर्डालच्या बाबतीत राहिलेली उणीव निदान इथे तरी राहू नये, अशी माझी इच्छा आहे.