ओघळासकट: आमच्या गॅरेजची वाटचाल

शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात आमचं छोटं गॅरेज आहे. मी, बायको आणि दोन कारागीर. काम एकच: 1963 ते 1967 मधल्या शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे या स्पोर्ट्‌स कार परीक्षणाला उभ्या करता येतील इतक्या मूळ रूपात आणायच्या. ‘एवढ्यावर भागतं?’ असं मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. भागतं. पण तिथवर यायला वेळ लागला.

मी कोल्हापूरचा. वडील, म्हणजे अण्णा, उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बनवणारे होते. ओतीव काम हातात घेतलं की वाळू कशी होती, साच्यातला गाभा, म्हणजे कोअर, हलला होता का, हे ते बघूनच सांगायचे. शाळेला सुट्टी असली की मीही तिथंच. पुढं शिक्षण, मग अमेरिका, मग सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीची नोकरी. 2009 साली जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि तिच्यावर पोसलेल्या पुरवठादारांकडची माझ्यासारखी माणसं घरी बसली.

त्याच सुमारास ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी त्यांची 1965 ची कॉर्व्हेट दाखवायला बोलावलं. एका महागड्या गॅरेजातून चकाचक करून आणलेली गाडी. दारात वाकलं तर तोंड दिसावं असा रंग. आणि तीच गाडी परीक्षणात सडकून आपटली होती. त्यांनी गुणपत्रिका माझ्यापुढं ठेवली. नोकरीत आयुष्यभर तपासणीचे तक्ते वाचले होते, त्यामुळं ती वाचताना मला मजा यायला लागली. धंद्याची सुरुवात त्या कागदापासून.

हे परीक्षण करते नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, म्हणजे एनसीआरएस, स्थापना 1974. एकूण गुण 4,500, आणि विभाग पाच: गाडीतली प्रत्येक वस्तू चालते का, अंतर्भाग, बाह्यभाग, मेकॅनिकल आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा. परीक्षक जोडीनं फिरतात, हातात त्या-त्या वर्षाची जाडजूड मार्गदर्शिका. 94 टक्के मिळाले तर टॉप फ्लाइट, 85 ला सेकंड, 75 ला थर्ड. त्याच्याही वर ज्याला ड्यूंटॉव्ह पुरस्कार म्हणतात तो आहे. कॉर्व्हेटला खऱ्या अर्थानं स्पोर्ट्‌स कार बनवणारे इंजिनिअर झोरा आर्कस-ड्यूंटॉव्ह यांच्या नावाचा. त्याला 97 टक्के लागतात, शिवाय रस्त्यावर चालवून घेतलेली परीक्षा.

गुण कशाला, हे समजलं की सगळं समजतं. कारखान्यातून निघून, डीलरनं नेहमीची तयारी करून, पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली त्या क्षणीची गाडी हे मोजमाप. त्याहून कमी असली तरी गुण जातात, त्याहून चांगली असली तरी जातात. सेंट लुइसच्या कारखान्यात या गाड्यांना लॅकर मारत. दाराच्या फटीत, कडेला, खालच्या वळणांवर तो खरखरीत बसे, कुठं ओघळे. कामगार पाळीवर होता, त्याच्यामागं दुसरी गाडी येत होती. आज कुणी त्याच जागी क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, थर मारून घोटून घोटून गुळगुळीत केलं तर परीक्षक पेन्सिल उचलतो. चासीवर पिवळ्या-निळ्या खडूच्या खुणा, रंगाचे ठिपके, स्टेन्सिलनं उमटवलेला भाग-क्रमांक हवा. रेडियल टायर सुरक्षित असले तरी त्या काळचे तिरक्या धाग्यांचे बायस-प्लाय टायर नसतील तर गुण गेले. होज पाइपचा क्लॅम्प, विंडशील्डच्या कोपऱ्यातला शिक्का, बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं, सगळं बघतात. डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद असलं तरी कापतात, आणि या गाड्यांची घड्याळं बंद पडण्यातच पटाईत.

सुरुवातीला एकदा व्हिडिओ कॉलवर अण्णांना काम दाखवत होतो. दाराची फट बघून ते म्हणाले, “आरं, रंग वघळलाय की तिथं!” म्हटलं, अण्णा, मुद्दाम ओघळवलाय. पलीकडं शांतता. मग, “गिऱ्हाईक पैसं मोजतंय आन्‌ तू त्येला वघळ दाखवतूस? फाउंड्रीत आसं केलं आसतं तर मुकादमानं हाकलला आसता.” त्यांना अजूनही हे पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या पेंटरलाही पटायला फार वेळ लागला. चांगल्या कारागिराला वाईट काम करायला शिकवणं अवघड. त्यातही वाईट कुठवर, याला हद्द आहे. मालक पैसे देतो ते 1965 च्या घाईसाठी, आमच्या आळसासाठी नाही.

अण्णांची विद्या कामी आली ती इंजिनात. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव ठोकळ्याच्या, मागच्या कडेवर ओतीव क्रमांक असतो, दुसऱ्या बाजूला ओतल्याची तारीख: महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘ए’ म्हणजे जानेवारी. गाडीच्या अंगावरच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे बांधणीची माहिती दिलेल्या पत्र्याच्या पट्टीवर, मात्र ‘ए’ म्हणजे त्या मॉडेल-वर्षाच्या उत्पादनाचा पहिला महिना, जो आधीच्या वर्षी उन्हाळा सरताना येतो. इथं नवखा हमखास अडखळतो. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला हवा, पण फार आधी नको; सहा महिन्यांच्या आतला असला तर कुणी भुवई उंचावत नाही.

पुढच्या बाजूला, प्रवाशाकडच्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात, एक छोटी सपाट जागा आहे. तिला स्टँप पॅड म्हणतात, आणि या धंद्यातला निम्मा पैसा आणि बहुतेक भांडणं त्या पट्टीवर होतात. मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या इंजिन कारखान्यात तिथं जुळणीची तारीख आणि इंजिनचा प्रकार ठोकला जाई. सुरुवातीचं ‘एफ’ फ्लिंटचं, 1966-67 च्या गाडीत शेवटचं ‘एचई’ असेल तर 327 घनइंची, 300 अश्वशक्तीचं, मॅन्युअल गिअरवालं. मग इंजिन सेंट लुइसला पोचलं की तिथला दुसरा कामगार गाडीच्या क्रमांकातून आलेले आकडे ठोकी. दोन गावं, दोन हात, दोन पंच. म्हणून दोन्ही शिक्के अगदी एका रेषेत, एका खोलीचे दिसले की मला झोप लागत नाही. शिवाय ब्रोचिंगच्या, म्हणजे कारखान्यात ब्लॉकचा माथा सपाट कापताना उमटलेल्या, बारीक रेघा पुढून मागं जाताना दिसायला हव्यात. इंजिन बांधताना कुणी ब्लॉकचा माथा तासला असेल तर त्या रेघाही जातात आणि आकडेही.

मग आकडे पुन्हा ठोकून द्या, अशी मागणी येते. असं काम करून देणारे आहेत, आणि त्यांचा हात सुरेख असतो. आम्ही ते करत नाही. त्यात आमची गिऱ्हाइकं गेली. काही वर्षं जोराचा फटका बसला. एनसीआरएसचे परीक्षक गाडी कारखान्यातून आल्यासारखी दिसते का ते बघतात. हे इंजिन याच गाडीत जन्मलं याची हमी तो पुरस्कार देत नाही. विकत घेणारा मात्र ती हमी गृहीत धरतो. मधली ती फट आम्हाला भरायची नाही. मूळ इंजिन गेलं असेल तर आम्ही लेखी सांगतो आणि तारखेत बसणारा दुसरा ब्लॉक शोधतो. दर ऑगस्टला पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलचा कॉर्व्हेट मेळा भरतो. तिथल्या जुन्या भागांच्या टेबलांवर असे ब्लॉक मिळतात. बाकी सगळे गाड्या बघत हिंडतात, आमची नजर खाली.

कागदांची बाजू बायको सांभाळते. 1967 च्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवर जुळणीचा कागद चिकटवलेला असतो; टाकी उतरवायच्या दिवशी ती कॅमेरा घेऊन हजर, आणि तोवर कुणी पाण्याचा पाइप हातात घ्यायचा नाही. तिच्या फाइलींमुळं आम्हाला दुसरं काम मिळालं: गाडी घेण्याआधी बघून देणं. आज उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातून येतो, आणि त्यात रंगाचा वास नाही.

गाडी दाखवायला आणणार असाल तर एवढं करा. इंजिन धुऊन आणू नका. स्टँप पॅडवर मळ असेल तर असू द्या. वायर ब्रश, सँडपेपर काही लावू नका, आम्ही कापडानं आणि सौम्य द्रावणानं पुसतो. खोक्यातले जुने क्लॅम्प, गंजलेला एअर क्लीनर, फुटका दिवा, ‘भंगार’ म्हणून बाजूला ठेवलेलं सगळं सोबत आणा.