ताईच्या केमोचा आजचा दिवस

आज ताईचा डोस वेळेवर झाला. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता, कारण पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर डोस पुढे ढकलतात. काउंट चांगला आला!

ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, संपलं एकदाचं. केस त्यानेच गेले, अन्नाचा वासही नको व्हायचा तिला. आता पॅक्लिटॅक्सेल चालू आहे. मळमळ खूप कमी, पण बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. ती हे सांगायला संकोचत होती, मी सिस्टरना सांगितलं. घरात कुणाची केमो चालू असेल तर असलं काही अंगावर काढू देऊ नका. डॉक्टर गरज पडली तर डोस बदलतात. नसांचा त्रास वाढला, तर तो केमो संपल्यावरही बराच काळ राहू शकतो.

परळच्या टाटामध्ये किती लांबून माणसं येतात! शेजारच्या काकू जळगावच्या, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या. त्यांनी ताईला सुती स्कार्फ घट्ट कसा बांधायचा ते शिकवलं. फार माया वाटली.

रात्री ताईने स्वतःहून वरणभात मागितला, वर लिंबू पिळून. तिला भेटायला नक्की या, फक्त सर्दी-खोकला असेल तर बरे झाल्यावर या.