पित्तक्षारांच्या द्रावणात मीठ घातले की काय होते

सोडियम डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराचे, म्हणजे पित्तातल्या साबणासारख्या क्षाराचे, मिसेल (पाण्यात एकत्र येणाऱ्या रेणूंचे पुंज) कोणत्या संहतीला तयार होऊ लागतात, असे कोणी विचारले तर उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो की द्रावणात मीठ किती आहे, सामू किती आहे आणि मोजमाप कोणत्या पद्धतीने करणार आहात. ऐकणाऱ्याला हा आडमुठेपणा वाटतो. पण रोडा, हॉफमन आणि मायसेल्स यांनी 1983 साली पृष्ठताण मोजून प्रसिद्ध केलेले आकडे पाहिले, तर डीऑक्सिकोलेटची ही क्रांतिक संहती साध्या पाण्यात सुमारे 10 मिलिमोलर आणि 0.15 मोलर सोडियम आयन असताना सुमारे 3 मिलिमोलर भरते. कोलेट या दुसऱ्या पित्तक्षाराची मात्र 13 वरून जेमतेम 11 पर्यंत उतरते. दोन्ही रेणूंत फरक आहे तो केवळ सातव्या कार्बनवरील एका हायड्रॉक्सिल गटाचा. एकाच मिठाचा परिणाम दोघांवर इतका वेगवेगळा का व्हावा?

आपण शिकलेलो असतो ते सोडियम डोडेसिल सल्फेटसारख्या साबणवर्गीय रेणूंवरून. लांब शेपटी आणि विद्युतभारित डोके असलेले साठएक रेणू गोळा होतात, एकसारख्या ऋणभाराची डोकी परस्परांना दूर ढकलतात, आणि बाहेरून आलेले सोडियम आयन त्या भारावर पडदा धरतात. त्यामुळे 0.1 मोलर मिठात क्रांतिक संहती सुमारे 8 वरून दीड मिलिमोलरपर्यंत घसरते. त्या संहतीला विद्युत-परस्परक्रियेचा पल्ला जेमतेम एक नॅनोमीटर उरतो, आणि मिठाची संहती दहापट कमी केली तर तो सुमारे तीन नॅनोमीटर होतो.

पित्तक्षाराचा रेणू मात्र शेपटीवाला नाही. तो जुन्या घरांवरील अर्धगोल कौलासारखा असतो: स्टेरॉइडच्या ताठर सांगाड्याची फुगीर बाजू जलविरागी, खोलगट बाजूवर हायड्रॉक्सिल गट, आणि एका टोकाला भारित साखळी. असे रेणू फुगीर बाजू परस्परांना लावून बसतात, आणि बसतात तेही मोजकेच. कोलेटच्या साध्या पाण्यातील पुंजात दोन-चार रेणू असतात. इतक्या लहान पुंजाच्या पृष्ठावर भार दाटीने साचत नाही, म्हणून सोडियम आयनही त्याला फारसे चिकटत नाहीत, आणि मिठाने झाकण्यासारखे अपकर्षणच तेथे थोडे असते. डीऑक्सिकोलेटची खोलगट बाजू एका हायड्रॉक्सिलने कमी पाणीप्रिय आहे, त्याचे पुंज मोठे होतात, आणि म्हणूनच मिठाचा परिणाम त्याच्यावर जास्त दिसतो.

माझ्या मते, पित्तक्षारांच्या बाबतीत मिठाची खरी कामगिरी क्रांतिक संहतीच्या आकड्यात नसून पुंजांच्या वाढीत आहे. डोनाल्ड स्मॉल यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या प्रतिमानात आधी लहान, प्राथमिक मिसेल तयार होतात आणि ते हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन दुय्यम मिसेल बनतात. रोममधील जिग्लिओ यांच्या गटाने डीऑक्सिकोलेटसाठी सर्पिलाकार रचना सुचवली. वाद अजून आहे, पण टॉरोडीऑक्सिकोलेटच्या (टॉरिन हा लहान रेणू जोडलेल्या डीऑक्सिकोलेटच्या) द्रावणात मीठ 0.6 मोलरपर्यंत वाढवल्यास पुंज लांबट, कांडीसारखे होतात, हे प्रकाशाच्या प्रकीर्णनाच्या प्रयोगांत दिसलेले आहे. तापमान वाढवले की तेच पुंज पुन्हा आखूड होतात. तीन हायड्रॉक्सिल असलेला टॉरोकोलेट मात्र अशा मिठातही लहानच राहतो.

मोजणीतही मीठ आडवे येते. विद्युतवाहकतेच्या आलेखातला बाक शोधण्याची पद्धत साध्या पाण्यात चालते, पण 150 मिलिमोलर मिठाच्या वाहकतेत काही मिलिमोलर डीऑक्सिकोलेटचा वाटा हरवून जातो. मिसेलमध्ये शिरणाऱ्या पायरीन या रेणूच्या प्रतिदीप्तीवर मिठाचा असा त्रास नाही, तथापि तिथेही बाक एका ठिकाणी न येता पसरट येतो, कारण पित्तक्षारांचे एकत्रीकरण टप्प्याटप्प्याने होते. अशा आलेखावरून दशांशचिन्हापुढे दोन अंक देणाऱ्यांचे मला नवल वाटते.

प्रथिने काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिपा द्रावणात 150 मिलिमोलर मीठ आणि बहुधा अर्धा टक्का, म्हणजे सुमारे 12 मिलिमोलर, डीऑक्सिकोलेट असते. त्याचा सामू 8 च्या आसपास राखण्याचे कारण हेच की मिठाच्या उपस्थितीत सामू 7 कडे उतरला, की डीऑक्सिकोलेटचे काही रेणू भार गमावतात, अपकर्षण दोन्ही बाजूंनी कमी होते आणि द्रावण जेलीसारखे घट्ट होते. कॅल्शियम मिसळले तर साका बसण्याचा धोका वेगळाच. टॉरिन जोडलेल्या पित्तक्षारांचे कॅल्शियम क्षार मात्र बरेच विद्राव्य असतात.

पित्ताशयात ही सगळी रसायने एकत्र नांदतात. तिथे पाणी, सोडियम आणि क्लोराइड शोषले जातात, पित्तक्षार मागे उरतात, आणि त्यांचा ऋणभार तोलण्यासाठी सोडियमची पातळी 200 मिलिमोलरच्याही वर जाते. साध्या बेरजेने या पित्ताचा परासरणदाब रक्तद्रवाच्या कितीतरी वर जायला हवा. प्रत्यक्षात तो रक्तद्रवाइतकाच राहतो, कारण मिसेलमध्ये बांधले गेलेले पित्तक्षार आणि त्यांच्या भाराने धरून ठेवलेले सोडियम आयन परासरणाच्या हिशोबात सुट्या कणांइतके धरले जात नाहीत.