अण्णांचा डोळा, हळद आणि चुकलेलं तिसरं इंजेक्शन

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काढली. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि भाव सांगायचा, यात त्यांची नजर कधी चुकली नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते म्हणाले, "वहीच्या रेघा मधेच वाकल्यासारख्या दिसतात गं," तेव्हा मी लगेच हलायला हवं होतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं समजून मी महिना घालवला. कुणाच्या घरात कुणी असं म्हणालं तर त्यांनी हा महिना घालवू नये, म्हणून सगळ्यात आधी हेच लिहिते आहे.

चष्म्याच्या दुकानातून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि तिथून पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरांकडे असा आमचा प्रवास झाला. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, ओसीटी काढली, म्हणजे पडद्याच्या थरांचं प्रकाशाने काढलेलं चित्र. त्या करड्या पट्ट्यांमध्ये पडद्याखाली काळी फट दिसत होती. ते साचलेलं पाणी होतं. मग हाताच्या शिरेतून फ्लुरोसीनचा रंग देऊन अँजिओग्राफी केली, म्हणजे डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. अंग आणि लघवी काही काळ पिवळी दिसेल, घाबरू नका, असं सिस्टरांनी आधीच सांगितलं. अण्णा म्हणाले, "सगळं आयुष्य हळदीत गेलं, आता रक्तातपण जाऊ दे."

निदान झालं ते उजव्या डोळ्यात ओल्या प्रकारच्या एएमडीचं, म्हणजे वयाबरोबर होणाऱ्या पीतबिंदूच्या विकाराचं. पीतबिंदू म्हणजे पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण बारीक पाहतो. पडद्यामागच्या थरातून नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि नको तिथे घुसतात. त्यांच्या भिंती कच्च्या असतात, पाणी आणि रक्त झिरपत राहतं आणि नजरेचा नेमका मधला भाग जातो. या वाहिन्यांना वाढायला सांगणारं एक प्रथिन आहे, व्हीईजीएफ. १९८९ मध्ये शास्त्रज्ञ नेपोलिओन फेरारा यांनी अमेरिकेत ते वेगळं केलं. आजची इंजेक्शनं याच प्रथिनाला पकडून ठेवतात. आमच्या डॉक्टर मॅडमनी बेव्हॅसिझुमॅब सुचवलं. ते मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठीचं औषध. डोळ्यासाठीच बनवलेल्या महागड्या रॅनिबिझुमॅबशी त्याची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले आणि पहिल्या वर्षात नजर दोन्हींनी सारखीच सुधारली होती. आम्हाला परवडणारं तेच होतं. पहिली तीन इंजेक्शनं महिन्याला एक, पुढचं डोळा बघून ठरवायचं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या रात्रीपासून मी शोधनिबंध वाचायला बसले. हळदीतलं करक्युमिन, द्राक्षांच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल, ग्रीन टीमधलं ईजीसीजी. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी बशीत वाढवायच्या, वर ही संयुगं घालायची, की पेशींची वाढ मंदावते, त्यांच्या नळ्या होत नाहीत. एकेका निबंधातले आलेख बघून माझा ऊर भरून यायचा. ज्या हळदीवर आमचं घर उभं राहिलं, तीच अण्णांचा डोळा वाचवेल असं मला मनापासून वाटलं. अण्णांना तर सांगायलाच नको. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं आणि डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, लढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं, ही गोष्ट ते आजही यार्डात सांगतात.

पहिल्या इंजेक्शनची धास्ती मात्र आम्हा सगळ्यांनाच होती. डोळ्यात सुई, हे शब्दच अंगावर येतात. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब, मग आयोडीनचं तांबूस औषध, पापण्या उघड्या ठेवणारी छोटी तार, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागात केसासारखी सुई. औषध एका थेंबाएवढं, ०.०५ मिलिलिटर. अण्णांना दाब जाणवला, दुखलं नाही. दोन दिवस डोळ्यासमोर काळे गोळे तरंगल्यासारखे दिसले, ते आपोआप गेले. "दुखलं, लाल झालं, दिसणं कमी झालं तर रात्री-अपरात्रीसुद्धा फोन करा," असं मॅडमनी बजावलं होतं, कारण जंतुसंसर्ग झाला तर तासांचा प्रश्न असतो.

दुसऱ्या इंजेक्शननंतर नजर ६/३६ वरून ६/१८ वर आली (खालचा आकडा जितका लहान, तितकी नजर चांगली). अण्णा वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागले, आणि इथेच आमचं चुकलं.

एका नातेवाइकांनी कुठूनशी ओल्या हळदीच्या रसाची बाटली आणली, डोळ्यात घालायला. ती मी घालू दिली नाही, एवढं तरी माझ्या हातून बरं झालं. पण "सुयांचं विष किती दिवस घालणार?" या प्रश्नाला मी ठाम उत्तर दिलं नाही. उलट करक्युमिनच्या गोळ्या मीच आणल्या. नजर सुधारली आहे, तिसरं इंजेक्शन थोडं पुढे ढकलू, तोवर गोळ्यांचा गुण बघू, असं माझ्याच घरात, माझ्याच संमतीने ठरलं. सात आठवडे गेले. एका सकाळी अण्णा म्हणाले, "तुझ्या चेहऱ्याच्या मधोमध डाग आहे."

ओसीटीवर फट परत आली होती, या वेळी रक्तही होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून गोळ्यांचं नाव घेतलं आणि अण्णांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ते आधी विचारलं. चालू होती. रक्त आणखी पातळ होऊ नये म्हणून त्यांनी करक्युमिन तिथेच बंद करायला सांगितलं. मग त्यांनी मला हिशेब मांडायला लावला, आणि तो मी अण्णांसमोर मोठ्याने मांडला.

हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅम करक्युमिन मिळवायचं तर छटाकभराहून जास्त हळद लागते. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात माणसांना हे २ ग्रॅम करक्युमिन नुसतं दिलं, तर रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं पिपेरीन दिलं तेव्हा शोषण २० पट वाढलं. पण जे मुळात नगण्य होतं त्याचे २० पट. आणि जे रक्तात पोचतं, ते पडद्यात जाईलच असं नाही. मेंदूसारखाच पडद्यालाही रक्तापासून राखणारा पहारा आहे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही वाचलेल्या प्रयोगांत पेशी त्या औषधात बुडलेल्या असतात. तुमच्या वडिलांचा पडदा कशात बुडलाय?" मला उत्तर देता आलं नाही. हे सगळं मला ठाऊक असायला हवं होतं, मी वर्गात शोषण आणि मात्रा शिकवते.

तिसरं इंजेक्शन त्याच दिवशी झालं, नंतर आणखी तीन. नजर ६/२४ वर थांबली. ६/१८ परत आलं नाही.

वनस्पतींवरचा माझा विश्वास मात्र गेला नाही, तो जागेवर आला. अण्णांच्या डाव्या डोळ्यात अजून नवीन वाहिन्या नाहीत, पण पडद्याखाली पिवळट साके आहेत, मधल्या टप्प्याचे. त्या डोळ्यासाठी मॅडमनीच एक कॅप्सूल लिहून दिली. तिच्यात क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं, शिवाय १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन. बाजारातलं बहुतेक ल्युटिन झेंडूच्या फुलांपासून काढतात. पीतबिंदू पिवळा असतो तो याच रंगद्रव्यांमुळे. आधीच्या मिश्रणात बीटा-कॅरोटिन होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर त्याच्या जागी ही दोन आली. अण्णांनी तरुणपणी विड्या ओढल्या आहेत, तेव्हा आमच्यासाठी हा फरक महत्त्वाचा होता. पण हेही नीट सांगायला हवं. ही कॅप्सूल मधल्या टप्प्यातून पुढे जाण्याचा धोका सुमारे पावपटीने कमी करते. फुटलेल्या वाहिन्या ती सुकवत नाही. उजव्या डोळ्याला सुईच.

आणि एक अमरी, म्हणजे ऑर्किड, आहे, जिच्यावर माझा जीव जडला आहे. क्रेमास्ट्रा अपेंडिक्युलाटा, पूर्व आशियातल्या जंगलांतली, तिचा कंद तिकडच्या पारंपरिक औषधांत वापरतात. त्यातल्या होमोआयसोफ्लॅव्हॅनोन नावाच्या एका संयुगाने उंदरांच्या डोळ्यातल्या अशाच वाहिन्या रोखल्या. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या गटाने कोरियातल्या सहकाऱ्यांसोबत तो रेणू प्रयोगशाळेत बनवला, म्हणजे जंगलातल्या अमरी उपटायला नकोत. मग तो पेशीत नेमका कुणाला धरतो याचा माग काढला. २०१७ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: फेरोकिलाटेज, रक्तातल्या हीमच्या घडणीत लोह बसवणारं विकर (एन्झाइम). डोळ्यातल्या वाहिन्यांचा त्याच्याशी संबंध असेल असं मला कधी सुचलं नसतं. एका कंदाने नवं दार दाखवलं. आणि त्या प्रयोगांतही तो रेणू उंदरांच्या डोळ्यात सुईनेच दिला होता, कंद खाऊ घातला नव्हता.

आता अण्णांचं इंजेक्शन दहा आठवड्यांनी असतं. फ्रिजवर चौकटींचा कागद लावलाय, मधे ठिपका. रोज सकाळी चहाआधी ते एकेक डोळा झाकून त्या रेघा बघतात. परवा मी त्यांना अमरीचा फोटो दाखवला. त्यांनी तो डाव्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"माणसांना कधी देणार हे?"

"अजून वेळ आहे, अण्णा."

"मग पुढची तारीख वहीत लिहून ठेव," ते म्हणाले, आणि वही स्वतःच काढून दिली.