दगड सोपा, जागा अवघड

कर्नाटकात मद्दूरजवळ आतकूर नावाचं गाव आहे. इ.स. ९५०च्या सुमारास तिथं एका शिकारी कुत्र्याचा दगड उभा राहिला. कुत्र्याचं नाव काळी. रानडुकराशी झुंजताना दोघंही मेली आणि दगडावर ती दोघं एकमेकांना भिडलेली कोरली आहेत. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मेहुणा गंग राजा बूतुग यांच्या काळातला हा लेख. आज तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. शिल्प सुरेख आहेच, पण मला त्याखालच्या मजकुराचं जास्त कौतुक वाटतं. दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आहे, आणि ती जमीन सांभाळणारा गोरव (आपला गुरव) पूजा न करता जेवला, तर कुत्र्याचं पाप त्याच्या माथी बसेल असा दमही भरला आहे. दगड बसवणाऱ्याला कळलं होतं की पुढं कुणी बघितलं नाही तर तो दगड नुसता दगडच.

पाळीव प्राण्यांची जुनी दफनभूमी बघायला गेलं की हेच आधी बघावं: जागा कुणाची आणि ती सांभाळतं कोण? लंडनच्या हाइड पार्कमध्ये दरवाजावरच्या रखवालदारानं १८८१ साली चेरी नावाच्या माल्टीज कुत्र्याला आपल्या बागेच्या कोपऱ्यात जागा दिली. ओळखीतून ओळख वाढत गेली, तीनशेवर इवल्याशा पाट्या उभ्या राहिल्या आणि १९०३मध्ये जागा संपली म्हणून ती बंद झाली. न्यूयॉर्कजवळच्या हार्ट्सडेलची सुरुवातही तशीच. १८९६मध्ये एका पशुवैद्यानं आपल्या सफरचंदाच्या बागेत एका कुत्र्यासाठी जागा दिली. तिथं मात्र पुढं रीतसर व्यवस्था उभी राहिली, म्हणून ती अजून चालू आहे.

पॅरिसला जाणार असाल तर आस्निएरची दफनभूमी चुकवू नका. सेन नदीच्या काठी, १८९९ची. त्याच्या आदल्या वर्षी कायदा झाला होता की मेलेलं जनावर वस्तीपासून निदान १०० मीटर लांब खड्ड्यात पुरायचं. तोवर कुत्री-मांजरं सर्रास नदीत फेकली जायची. दारातून शिरल्याबरोबर बारी नावाच्या सेंट बर्नार्डचं मोठं स्मारक दिसतं. पाठीवर लहान मूल. चाळीस जणांना वाचवलं आणि एकेचाळिसाव्यानं त्याला मारलं असं त्यावर लिहिलंय. ती दंतकथा आहे. बारी म्हातारा होऊन १८१४ साली बर्नमध्ये मेला, आणि पेंढा भरलेलं त्याचं शरीर तिथल्या संग्रहालयात आहे. म्हणजे आस्निएरमध्ये स्मारक आहे, देह नाही. सिनेमातला प्रसिद्ध कुत्रा रिन टिन टिन मात्र इथंच पुरलाय. आणखी एक दगड शोधून बघाच. १९५८च्या मे महिन्यात एक बेवारस कुत्रा दफनभूमीच्या दारातच मेला. तो तिथला चाळीस हजारावा ठरला आणि त्याचंही स्मारक झालं. सोमवारी बंद असतं, तिकीट काढावं लागतं. इथली जागा ठरावीक मुदतीसाठी मिळते. मुदत वाढवली नाही तर ती परत घेतात. १९८७मध्ये हे सगळंच बंद पडायच्या बेतात होतं, ऐतिहासिक वारसा म्हणून नोंद झाली तेव्हा वाचलं.

आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. रायगडावरचं वाघ्याचं स्मारक १९३६चं, होळकरांच्या देणगीतून झालेलं. समकालीन कागदांत वाघ्याचा पुरावा नाही यावरून वाद आहे, आणि २०१२मध्ये पुतळा काढून पुन्हा बसवावा लागला. त्या वादात इथं शिरत नाही.

आता घरच्या गोष्टी. घरचं कुत्रं-मांजर गेलं की मला फोन येतो तो बहुतेक रात्री, आणि पहिला प्रश्न असतो, 'आत्ता काय करू?' पहिले तीन तास मोलाचे असतात. तेवढ्यात पाय पोटाशी घेऊन, झोपल्यासारखं मुटकुळं करून ठेवा. एकदा अंग ताठलं की पाय वळत नाहीत आणि खड्डा दीडपट मोठा लागतो. डोळे मिटत नाहीत, जबरदस्ती करू नका. तोंडातून आणि मागून पाणी येतं, म्हणून खाली दुमडलेला जुना टॉवेल, त्याखाली वर्तमानपत्रं. एसी असेल तर लावा. बर्फाच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून पोटाला लावा, कारण सगळ्यात आधी पोट फुगतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत अवस्था बघवत नाही.

पंजाचा ठसा हवा असेल तर तोही याच वेळी घ्या. गाद्यांमधले केस कात्रीनं कापा, पंजा ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा, शाईच्या पॅडवर टेकवा आणि जाड कागद पंजावर दाबा. पंजा कागदावर दाबायला गेलं तर ठसा हमखास फिसकटतो. मैदा-मिठाच्या गोळ्यावरचे ठसे कोकणात आणि मुंबईत टिकत नाहीत. मीठ हवेतली ओल ओढतं आणि पहिल्याच पावसाळ्यात ठसा मऊ पडून बुरसतो. प्लास्टर ऑफ पॅरिस बरं. शेपटीचे चार केस ठेवायचे तर कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नाही.

माती द्यायची असेल तर जागा स्वतःची हवी. सोसायटीची बाग, टेकडी, समुद्रकिनारा यातलं काही आपलं नसतं, आणि पुढच्या वर्षी ड्रेनेजच्या लाइनसाठी तिथंच जेसीबी येतो. विहीर किंवा बोअर निदान शंभर फूट लांब असू द्या. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला साडेतीन फूट बाय अडीच फूट आणि साडेचार फूट खोल खड्डा लागतो. अंगावर तीन फूट माती यायलाच हवी. त्याहून कमी असेल तर भटकी कुत्री, डुकरं, गावाकडं कोल्हे, एका रात्रीत उकरतात. मांजराला तीन-साडेतीन फूट खोली पुरते. मुरूम असेल तर पहारीनं दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम धरा. काळ्या मातीत खणायला सोपं, पण पाणी मुरत नाही. खड्डा पावसात भरतो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वास वर येतो. तिथं उंचवटा बघून खणा.

सुती साडी किंवा पंचा गुंडाळा. ब्लँकेट, नायलॉनचा पट्टा, प्लॅस्टिकचं खेळणं आत नको, ते तसंच राहतं. खडेमीठ आणि चुना पोत्यानं टाकायची रीत आहे, ती सोडा. चुन्यानं वास दबतो, पण कुजणं उलट लांबतं. मिठानं तर वर लावलेलं झाडही मरतं. फूटभर माती लोटल्यावर शहाबादी फरशीचे तुकडे किंवा बाभळीच्या काट्या आडव्या टाका, मग उरलेली माती. वर नऊ इंचांचा उंचवटा सोडा. तो पहिल्या पावसात खाली बसतो. सपाट करून ठेवलं तर ऑगस्टमध्ये तिथं डबकं दिसतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलं असेल तर औषध विचारून घ्या. पेंटोबार्बिटलसारखी औषधं शरीरात बराच काळ राहतात. उकरून खाणारा प्राणीही त्यानं मरू शकतो. अशा वेळी दहन चांगलं. रेबीजची शंका असेल तर उघड्या हातानं स्पर्शच नको, आधी डॉक्टरांना कळवा. पार्वो या विषाणूच्या रोगानं पिल्लू गेलं असेल तर त्या मातीत विषाणू वर्षभरही टिकतो, लस न झालेलं नवं पिल्लू तिथं सोडू नका.

शहरात बहुतेकांना दहनाशिवाय पर्याय नाही. मुंबई महापालिकेनं २०२३मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसदाहिनी सुरू केली. कुठंही गेलात तरी नाव नोंदवताना एकच प्रश्न नीट विचारा: एकट्याचं दहन की एकत्र? एकत्र असेल तर राख मिळत नाही, आणि मिळाली तरी ती एकट्याची नसते. राखेचा अंदाज दर किलो वजनाला ३५ ते ४० मिलिलिटर. तीस किलोच्या कुत्र्याची लिटरभर, चार किलोच्या मांजराची वाटीभर. कलश त्या मापानं घ्या. दुकानात दाखवतात ते पितळी कलश बहुतेक वेळा दुप्पट मोठे असतात. ही राख तुळशीत ओतू नका. ती खारट आणि अल्कलीयुक्त असते, रोप आठवड्यात करपतं. झाडाला घालायचीच असेल तर मूठभर राख, घमेलंभर शेणखत, आणि महिनाभर थांबून मगच रोप.

दगड पहिला पावसाळा जाऊ दिल्यावर बसवा, माती बसली की तो कलंडत नाही. संगमरवर पावसात झिजतो, अक्षरं दहा-पंधरा वर्षांत बोथट होतात. शहाबादीचे पापुद्रे सुटतात. काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट घ्या, आणि अक्षरं खोदूनच घ्या, निदान तीन मिलिमीटर. नुसता रंग दोन उन्हाळ्यांत जातो. आस्निएरमधल्या जुन्या कबरींवर भाजलेल्या चिनीमातीवरचे फोटो अजून ओळखता येतात. आपल्याकडचे अ‍ॅक्रिलिकवरचे फोटो लवकर पिवळे पडतात.

देवनागरीत आणखी एक अडचण असते. एक इंचाहून लहान अक्षर खोदायला सांगितलं की मात्रा-वेलांट्या शिरोरेघेला चिकटतात आणि तिथला कपचा उडतो. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे कारागिरावर सोडू नका. 'सोनी'ची 'सोनि' झालेली पुसता येत नाही. दगडाच्या मापाचा छापील कागद द्या, तो दगडावर चिकटवूनच खोदायला सांगा. आणि सिमेंटात बसवू नका. बारा बाय नऊ इंच, वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट जेमतेम चार किलो भरतो. तो चार इंच वाळूत नुसता रोवला की पुरतो. शेत विकलं, बंगला पाडायला गेला, तर पिशवीत घालून नेता येतो.