व्हॅम्पायरच्या वहाणा

गेले दोन महिने व्हॅम्पायरची गोष्ट लिहितोय. मराठीत. बायको म्हणाली, रोज लसणाची चटणी लागणाऱ्या घरात तो येईल कशाला, आणि मित्रांचं तर एकच, शनिवारवाड्यात घाल रे, काका मला वाचवा वगैरे. तो वाडा सोडला तर पुण्यात भुतांना जागाच नाही का राव!

पण खरा लोचा वेगळाच होता. माझा व्हॅम्पायर काळा झगा घालून नुसता उभा राहायचा, भाड्याच्या सूटमधल्या नवरदेवासारखा. आपले मुंजे निदान पिंपळावर तरी बसतात. मग वाचत वाचत मागे गेलो तर गाजलेल्या जुन्या केसमधला व्हॅम्पायर कुणी सरदार-बिरदार नव्हताच, सर्बियातला साधा गावकरी होता. तो मुलूख तुर्क आणि ऑस्ट्रियाच्या मधे कायम भरडलेला, 1718 च्या तहात ऑस्ट्रियाकडे गेला, 1739 ला परत तुर्कांकडे. मधे 1725 साली किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच वारला आणि नंतर आठ दिवसांत नऊ माणसं गेली, मरताना सांगत होती म्हणे की पेतार रात्री येऊन गळा दाबतो. ऑस्ट्रियाचा अधिकारी म्हणतोय वरून परवानगी येऊ दे, तर लोक म्हणाले आत्ता उकरा नाहीतर आम्ही गाव सोडतो, तुर्कांच्या वेळी अख्खं गाव असंच संपलं होतं. उकरलं, छातीत खुंटी ठोकली, जाळून टाकला.

मी मात्र अडकलो त्या अधिकाऱ्याच्या रिपोर्टातल्या एका तपशिलावर. पेतारची बायको म्हणाली, हा आला आणि स्वतःच्या वहाणा मागायला लागला. रक्त नाही, वहाणा! आणि ती गाव सोडून निघून गेली.

त्या रात्री झगा डिलीट केला.

कारण मेलेला माणूस घरी येणं ही भानगड पुण्याला नवीन आहे का? 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं, त्यानंतर इथे किती घरांत दाराकडे डोळे लावून बसले असतील. ज्याच्या नावाची सदाशिव पेठ, त्या भाऊंच्या पार्वतीबाईंनी वैधव्य मानलंच नाही. पुढे मीच भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, कोकणातले किल्लेसुद्धा त्याच्या हाती गेले, शेवटी 1776 मध्ये त्याला मारला. लबाड होताच तो, पण लोकांनाही कुणीतरी परत यायला हवंच होतं ना.

तर आता माझा व्हॅम्पायर पानिपताच्या त्या खुर्द्यातला, ज्याची गणतीच झाली नाही त्यातला एक. दोन वर्षांनी मध्यरात्री पेठेतल्या घराची कडी वाजवतो आणि वहाणा मागतो. त्याची बायको पळून जात नाही. तिला कळलंय हा काय होऊन आलाय, दिव्याच्या उजेडात त्याचे दात दिसतायत, तरी ती आधी कपाळावरचं कुंकू नीट करते आणि मग कडी काढते. हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अरे पण वहाणा घालूनच गेला असेल ना तो लढाईला? मग घरी कुठल्या?"

च्यायला. आता जुनी जोडी घरी ठेवून गेला असं लिहितोय. डाव्या पायातल्या वहाणेचा अंगठा तुटलेली.