स्वयंसेवकांच्या बळावर संगणक-परीक्षण सेवा उभारताना

संगणक, त्याचे सुटे भाग किंवा एखादे सॉफ्टवेअर निवडताना आपण ज्या माहितीवर विसंबतो, तिच्यापैकी बहुतेक माहिती विकणाऱ्यानेच पुरवलेली असते, आणि उरलेली ज्यांच्याकडून येते त्यांतल्या अनेकांची मिळकत त्याच वस्तूच्या विक्रीशी जोडलेली असते. सगळेच खोटे सांगतात असे मुळीच नाही. पण कोणाचे म्हणणे कशाच्या आधारावर उभे आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून संगणकाशी रोजचा संबंध असलेल्या आम्ही काही जणांनी कोणाकडूनही मोबदला न घेता सॉफ्टवेअर आणि हार्डवेअरची परीक्षणे करणारी स्वयंसेवी सेवा सुरू करायचे ठरवले. ती उभी राहीपर्यंत काय काय करावे लागले, हे असे काम हाती घेऊ पाहणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न तपासायच्या वस्तू आणायच्या कुठून, हा होता. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स (पूर्वीची कन्झ्युमर्स युनियन, स्थापना १९३६) आणि जर्मनीतील श्टिफ्टुंग वारेनटेस्ट (स्थापना १९६४) या संस्था साध्या ग्राहकासारख्या बाजारातून वस्तू विकत घेतात, कारण उत्पादकाने स्वतःहून पाठवलेला नमुना निवडून काढलेला असू शकतो. तत्त्व आम्हाला पटले होते, पण तेवढा पैसा आमच्याकडे नव्हता. त्यामुळे स्वयंसेवकांच्या स्वतःच्या मालकीच्या वस्तूंपासून सुरुवात केली. यात एक मोठा फायदा आहे, आणि त्याची किंमत आम्हाला पुढे अधिक कळली : अनेक महिने वापरलेली बॅटरी, बिजागऱ्या सैल पडू लागलेला लॅपटॉप किंवा धूळ साचलेला पंखा कोणताही उत्पादक परीक्षणासाठी पाठवत नाही, आणि ग्राहकाला मात्र त्याच अवस्थेतील यंत्राबरोबर वर्षे काढायची असतात. तोटा असा की पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूकडे माणूस तटस्थपणे पाहू शकत नाही. म्हणून वस्तूच्या मालकाने घेतलेली मोजमापे दुसऱ्या स्वयंसेवकाने स्वतंत्रपणे घेतल्याशिवाय ती ग्राह्य धरायची नाहीत, असा नियम केला. कंपनीने वस्तू देऊ केली, तर ती केवळ परतीच्या बोलीवर स्वीकारायची, परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात तसे सांगायचे आणि प्रसिद्धीपूर्वी मजकूर कंपनीला दाखवायचा नाही, हेही लेखी ठरवले. या अटी वाचल्यावर काही कंपन्यांनी पुढे उत्तर दिले नाही; ज्यांनी दिले त्यांच्याशी व्यवहार सरळ झाला.

यंत्रे एका हातातून दुसऱ्या हातात जाणार म्हटल्यावर त्यांतील खासगी माहितीचा प्रश्न आला. एसएसडीवरील (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवरील) फायली पुसून त्यांच्यावर नवी माहिती लिहिली तरी जुनी सगळी नाहीशी होतेच असे नाही, कारण झीज सर्व भागांत सारखी वाटली जावी म्हणून ही डिस्क लेखनाच्या जागा स्वतःच बदलत राहते आणि तिच्यातील काही राखीव भाग वापरणाऱ्याच्या आवाक्यात नसतो. त्यासाठी डिस्कमध्येच दिलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. आम्ही त्याहून सोपा मार्ग घेतला : जिथे डिस्क काढता येते तिथे मालकाची डिस्क काढून त्याच्याकडेच ठेवायची आणि सेवेची चाचणी-डिस्क बसवायची.

सगळ्यांत जास्त वेळ चाचणीची पद्धत लिहिण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. एकाच लॅपटॉपवर दोघांनी घेतलेले आकडे सुरुवातीला जुळेनात. शोध घेतल्यावर कारणे एकेक करून समोर आली. एका ठिकाणी खोली गरम होती, त्यामुळे प्रोसेसर तापून लवकर आपला वेग उतरवत होता. दुसऱ्या ठिकाणी चार्जर जोडलेला नव्हता आणि पार्श्वभूमीत अपडेट उतरत होते. यातून आमचा नोंदतक्ता तयार झाला. त्यात खोलीचे तापमान, बायोस (संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली), ऑपरेटिंग सिस्टिम व ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) यांच्या आवृत्त्या, ऊर्जेची निवडलेली स्थिती आणि चार्जरची स्थिती या गोष्टी भरल्याशिवाय पुढचा आकडा लिहिताच येत नाही. प्रत्येक चाचणी अनेकदा घ्यायची आणि सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) धरायचा, कारण मध्येच सुरू झालेले एखादे अपडेट सरासरी बिघडवते, मध्यकाला मात्र ते सहसा धक्का लावू शकत नाही. बॅटरीच्या चाचणीत पडद्याची प्रखरता ‘पन्नास टक्के’ ठेवणे निरर्थक असते, कारण हे पन्नास टक्के प्रत्येक यंत्रावर वेगळे असतात. प्रकाशमापक लावून सर्व पडदे २०० निट्सवर (निट हे प्रखरतेचे एकक) आणल्याशिवाय तुलनेला अर्थ येत नाही.

एसएसडीच्या बाबतीत तर घाईने घेतलेली चाचणी सरळ दिशाभूल करते. आजच्या अनेक डिस्क स्वतःच्या स्मृतीचा काही भाग जलद लेखनासाठी तात्पुरता वापरतात. छोटी फाइल पूर्णपणे त्या भागात मावते आणि वेग उत्तम दिसतो, पण तो भाग भरला की लेखनाचा वेग झपाट्याने कोसळतो. त्यामुळे आम्ही डिस्क आधी बरीचशी भरतो आणि मग तो भाग संपेपर्यंत सलग लिहीत राहतो. त्याचबरोबर फर्मवेअर (डिस्कच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर) आणि कंट्रोलर (डिस्कचे काम चालवणारी चिप) यांचा क्रमांकही नोंदवतो, कारण तेच नाव आणि तोच खोका ठेवून आतले घटक बदलले गेल्याची उदाहरणे या उद्योगात झालेली आहेत. एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइट का दाखवते, ही शंका इतक्या जणांनी विचारली की तिचे उत्तर आम्ही कायमचे लिहून ठेवले : उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत. यूएसबी-सी जोडणीचेही तसेच. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन जोडण्यांपैकी एक सेकंदाला ४८० मेगाबिटवर थांबते, तर दुसरी ४० गिगाबिटपर्यंत जाते. म्हणून लॅपटॉपच्या परीक्षणात प्रत्येक जोडणी वेगळी मोजायची, असे ठरले.

तयार बेंचमार्कवर (वेग मोजणाऱ्या प्रमाणित चाचण्यांवर) पूर्ण विश्वास टाकायचा नाही, हा निर्णय चर्चेअंती झाला. २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ या चाचणीच्या निर्मात्यांनी केलेल्या तपासणीत असे आढळले होते की ग्राफिक्स कार्डाचा एक ड्रायव्हर ही चाचणी सुरू असल्याचे ओळखतो आणि करायचे काम गुपचूप कमी करतो. त्यामुळे तयार बेंचमार्कच्या जोडीला आम्ही आमची स्वतःची कामे ठेवली : ठरावीक व्हिडिओचे रूपांतर, ठरावीक फोल्डरचे संकोचन (झिप करणे), हजारो ओळींच्या तक्त्यातील गणिते. ही कामे वरवर सामान्य वाटली, तरी वाचणाऱ्याला स्वतःच्या गरजेशी ताडून पाहता येतात.

सॉफ्टवेअरची तपासणी वेगळ्या तऱ्हेची आहे. आभासी यंत्राची (संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाची) कोरी स्थिती साठवून ठेवायची, सॉफ्टवेअर बसवायचे, ते काय काय बदलते ते पाहायचे, काढून टाकल्यावर मागे काय उरते ते तपासायचे आणि पुन्हा कोऱ्या स्थितीवर यायचे, असा आमचा क्रम आहे. वायरशार्क हे नेटवर्कवरील देवाणघेवाण दाखवणारे साधन वापरून ते कोणत्या सर्व्हरशी बोलते हेही पाहतो, मात्र मजकूर कूटबद्ध असल्यामुळे नेमके काय पाठवले जाते ते दर वेळी कळत नाही, आणि तिथे आम्ही अंदाज लिहीत नाही. आपली माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते का, या प्रश्नाला मी व्यक्तिशः सर्वाधिक महत्त्व देतो, कारण सॉफ्टवेअर सोडायची वेळ आल्यावर वापरणारा तिथेच अडकतो. आमच्यातील एक स्वयंसेवक दृष्टिहीन आहेत. ते एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने प्रत्येक सॉफ्टवेअर केवळ कीबोर्डवर चालवून पाहतात, आणि नाव न दिलेली बटणे असलेली किती तरी चकचकीत सॉफ्टवेअरे त्यांच्या पहिल्याच पडद्यावर अडतात. हा विभाग आता आमच्या प्रत्येक परीक्षणात असतोच.

परवाना वाचणे हे कंटाळवाणे पण अपरिहार्य काम आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डेविट यांनी १९८० च्या दशकात डेटाबेसच्या वेगाची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हापासून काही डेटाबेस परवान्यांत कंपनीच्या परवानगीशिवाय बेंचमार्कचे आकडे प्रसिद्ध करण्यास मनाई करणारी अट आली, आणि ती आजही ‘डेविट कलम’ म्हणून ओळखली जाते. असे कलम असेल तर आम्ही आकडे छापत नाही, पण कलम आहे हे छापतो.

एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड उघड मजकुरात साठवला जात असल्याचे आढळले, तेव्हा परीक्षण थांबवून आधी निर्मात्याला कळवले. सुरक्षेतील दोष शोधणाऱ्या गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटामुळे परिचित झालेली, दोष जाहीर करण्यापूर्वीची ९० दिवसांची मुदत आम्हीही दिली. दुरुस्ती त्याआधीच आली आणि मग दोष व दुरुस्ती दोन्हींची नोंद करून परीक्षण प्रसिद्ध केले.

माणसे जमवणे कठीण गेले नाही, टिकवणे कठीण गेले. मोजणे, लिहिणे आणि पडताळणे ही तीन कामे वेगळी केल्यावर परिस्थिती सुधारली, कारण अचूक मोजणाऱ्याला लिहिण्याची आवड असेलच असे नाही आणि एकट्यावर सगळे आले की तो लवकर थकतो. प्रत्येकाने आपली नोकरी, शेअर आणि नातेसंबंध यांतून येणारे हितसंबंध लेखी जाहीर करायचे, यावर कोणीच हरकत घेतली नाही. वाद झाला तो तारे देण्यावरून. मी ताऱ्यांच्या विरोधात होतो आणि आजही आहे : व्हिडिओचे काम करणाऱ्याला अपुरा पडणारा लॅपटॉप केवळ लेखन करणाऱ्याला उत्तम असू शकतो, मग एकच आकडा दोघांना काय सांगणार? अखेर प्रत्येक परीक्षणात ‘कोणासाठी योग्य’ आणि ‘कोणी घेऊ नये’ असे दोन परिच्छेद ठेवायचे ठरले.

एका उत्पादकाने प्रतिकूल परीक्षण मागे घेण्याची मागणी केली होती. आम्ही त्यांना कच्चे आकडे आणि पद्धत पाठवली. त्यावर नव्या फर्मवेअरने दोष दूर झाल्याचे त्यांनी कळवले. आम्ही पुन्हा चाचणी घेतली, त्यांचे म्हणणे खरे निघाले, आणि जुना व नवा असे दोन्ही निकाल तारखेसह शेजारी शेजारी ठेवले. तेव्हापासून प्रत्येक परीक्षणावर आवृत्ती आणि तारीख असते, मोठी आवृत्ती आली की जुन्यावर तसा शिक्का पडतो, आणि कच्चे आकडे इतरांना वापराची मुभा देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांना खुले असतात.

प्रिंटर हा विभाग मात्र अजून अपुरा आहे. कृष्णधवल लेझर प्रिंटरचा टोनर किती पाने देतो हे ठरवण्याच्या आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकाला किमान तीन प्रिंटर आणि नऊ कार्ट्रिज लागतात, आणि एवढा खर्च स्वयंसेवी सेवेला झेपणारा नाही. म्हणून आम्ही छपाईचा दर्जा, ड्रायव्हरची वागणूक आणि दुसऱ्या कंपनीचे कार्ट्रिज चालते की नाही एवढेच तपासतो, आणि पानांचा आकडा आमचा नाही, उत्पादकाचा आहे, असे त्या आकड्याच्या शेजारीच लिहितो.